चारास तीन, सोळास नऊ

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या रात्री माझ्या मामेभावाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक चित्रफीत टाकली. मामा १९७६ साली जर्मनीहून आला तेव्हा त्याने सोबत एक सुपर-एट कॅमेरा आणला होता. त्या दिवाळीत आजोळी त्याने दोन रिळे भरली. एका रिळात सव्वातीन मिनिटे मावतात. ती रिळे इतकी वर्षे बिस्किटाच्या डब्यात पडून होती, ती भावाने एका दुकानात देऊन ‘डिजिटल’ करून घेतली. आमच्यापैकी कोणीच ती आजवर पाहिली नव्हती, कारण प्रोजेक्टर मामाने जर्मनीतच विकला होता.

चित्रफितीत आजी होती. अंगणात ओणवी होऊन रांगोळी काढत होती. माझी आजी हलताना, डोळ्यांवर आलेली बट मनगटाने मागे सारताना मी सत्तेचाळीस वर्षांनी पाहत होतो. गटावर हात जोडल्याच्या आणि डोळ्यांत पाणी आल्याच्या चित्रांची रांग लागली. मीही एक टाकले. तिसऱ्यांदा पाहताना लक्षात आले की रांगोळी कुठेच दिसत नाही. आजी वाकलेली आहे, हात हलतो आहे, पण मनगटाच्या खाली पडदा संपतो. चिमटीतून काय पडते आहे आणि जमिनीवर काय उमटते आहे, ते चित्राबाहेर.

मामा छायालेखक नव्हता, पण रांगोळी काढणाऱ्या बाईचे चित्रण करताना रांगोळी सोडून देण्याइतका अजाणही नव्हता. मी दुकानात फोन लावला. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, “साहेब, जुनी फिल्म चौकोनी असते. आहे तशी ठेवली तर टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि गिऱ्हाईक परत घेऊन येतं, म्हणतं, अर्धाच टीव्ही भरलाय. म्हणून आम्ही वाइडस्क्रीन करून देतो. डोकी मात्र कापत नाही, हां. जे काय जाईल ते खालून जाईल.”

सुपर-एटची चौकट साधारण ५.८ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर उंच. आजचा टीव्ही सोळास नऊ. रुंदी पूर्ण ठेवून पडदा भरायचा तर उंचीचा जवळजवळ पाचवा हिस्सा टाकावा लागतो. तो सगळा खालून टाकला की आजीची रांगोळी जाते. हिशेब सरळ आहे. मी विमा कार्यालयात चौतीस वर्षे कारकुनी केली, चित्रपटाचे शिक्षण कुठे घेतलेले नाही. पण हिशेब दिसला की तो मुळापर्यंत तपासायची खोड आहे. चित्रपटाची चौकट कोणी ठरवली, ती कोणी मोडली आणि एका चौकटीतले चित्र दुसऱ्या चौकटीत कोंबताना कात्री कोणाच्या हातात असते, याचा शोध मी त्या रात्री सुरू केला.

सुरुवात एडिसनच्या प्रयोगशाळेत होते. १८९० नंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत त्याचा सहायक विल्यम डिक्सन याने ईस्टमनची ७० मिलिमीटर रुंदीची फिल्म उभी चिरून दोन पट्ट्या केल्या, कडेला भोके पाडली आणि दर चित्रामागे चार भोके असा नेम ठरवला. चित्र निघाले एक इंच रुंद, पाऊण इंच उंच. म्हणजे चारास तीन. यामागे काही सौंदर्यशास्त्र असल्याचे मला दिसले नाही. हातातल्या मालाची काटकसर दिसली. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली याच चौकटीत आला. बोलपट आला तेव्हा ध्वनीची पट्टी फिल्मच्या एका कडेला बसवावी लागली, चित्र अरुंद झाले. १९३२ साली अमेरिकेतल्या अकादमीने वरून-खालून थोडे झाकून ते पुन्हा आडवे केले. एकास एक पूर्णांक सदतीस शतांश हे ‘अकादमी’ प्रमाण तेव्हापासूनचे. त्याच साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. म्हणजे मराठी बोलपट आणि ही चौकट एकाच वयाची. ‘संत तुकाराम’ (१९३६) त्याच चौकटीतला.

ही चौकट माणसाला सोयीची आहे. तीत उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावतो आणि वर थोडे आभाळही उरते. प्रभातच्या संतपटांतला कीर्तनकार आठवून पाहा. खांद्याला वीणा, वीणेचे टोक डोक्याच्याही वर, पाय जमिनीवर ताल धरणारे, समोर बसलेल्या श्रोत्यांची पागोटी चित्राच्या तळाशी. टोकापासून पागोट्यांपर्यंत सगळे एका चित्रात हवे असते, कारण कीर्तन म्हणजे ते सगळे मिळूनच असते.

टीव्ही आला तेव्हा त्याने आपली काच सिनेमाच्याच मापाची केली, चारास तीन. घरात बसून सिनेमासारखे चित्र दिसू लागल्यावर अमेरिकेत थिएटरे ओस पडू लागली आणि सिनेमाने सूड घेतल्यासारखा आपला पडदा ताणला. १९५२ साली तीन प्रोजेक्टरांचे ‘सिनेरामा’ आले. १९५३ साली ‘द रोब’बरोबर सिनेमास्कोप आले. त्यातली युक्ती फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियँ याची आणि बरीच आधीची. विशेष भिंग लावून रुंद देखावा आडव्या अंगाने निम्मा दाबून साध्या फिल्मवर उतरवायचा आणि दाखवताना उलट्या भिंगाने पुन्हा फुलवायचा. आपल्याकडे हे १९५९ साली गुरुदत्तच्या ‘कागज़ के फूल’मध्ये आले, छायालेखक व्ही. के. मूर्ती.

पण खरी मौज (मौज कसली, चीड म्हणा) अशी की पडदे रुंद झाले त्या घडीला जुन्या चौकटीत काढलेले सिनेमे तयार होऊन डब्यात बसले होते. पॅरामाउंटचा ‘शेन’ १९५१ साली अकादमी चौकटीत चित्रित झाला होता. १९५३ साली तो न्यूयॉर्कच्या भल्यामोठ्या थिएटरात लागला तेव्हा वरून-खालून झाकून, रुंद करून दाखवला गेला. नव्या पडद्यासाठी जुने चित्र कापण्याचे हे फार गाजलेले उदाहरण. ‘गॉन विथ द विंड’ १९६७ साली ७० मिलिमीटरवर फुगवला तेव्हाही तेच. पडदा भरला, चित्राचा माथा आणि तळ गेला. थिएटरमालकांचे म्हणणे आमच्या दुकानदारासारखेच असणार. गिऱ्हाईक रुंद पडद्याचे पैसे देते, त्याला कडेचा काळोख कसा दाखवायचा?

मग पारडे फिरले. हे रुंद सिनेमे छोट्या टीव्हीवर दाखवायची वेळ आली. २३ सप्टेंबर १९६१ रोजी अमेरिकेच्या एनबीसीने दर शनिवारी रात्री अलीकडचे सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पहिलाच होता ‘हाउ टू मॅरी अ मिल्यनेअर’, सिनेमास्कोपचा. रुंद चित्रातला जेमतेम पाऊण ते निम्मा भाग टीव्हीत मावणार. उरलेल्याचे काय? इथे ‘पॅन-अँड-स्कॅन’ नावाचा उद्योग जन्मला. टेलिसिने म्हणजे फिल्मचे टीव्हीच्या संकेतांत रूपांतर करणारे यंत्र. त्याच्यापाशी बसलेला तंत्रज्ञ ठरवणार की या क्षणी नायिका दाखवायची की तिच्याकडे बघणारा नायक. मूळ चित्रात दोघे होते, मध्ये अंतर होते, आणि त्या अंतरातच प्रसंगाचा जीव होता. आता एकदा ती, एकदा तो. दिग्दर्शकाने न घेतलेला ‘कट’ पगारी तंत्रज्ञाने घेतलेला.

माझी पिढी यावरच वाढली. पुण्यात आमच्या आळीत एकाच घरी टीव्ही होता. शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी हिंदी सिनेमा. काही रंगीत सिनेमांत नावे चालू असताना सगळी माणसे बांबूसारखी उंच आणि सडपातळ दिसायची, आणि नावे संपली की एकदम अंगाने भरायची. टीव्हीचाच दोष, असे आम्ही समजायचो. कोणीतरी उठून मागे थापट मारायचे. तो दोष नव्हता. नावे कडेला कापली जाऊ नयेत म्हणून तेवढा भाग दाबलेला तसाच दाखवीत, आणि पुढे फुलवून कडा टाकून देत. नटनट्यांची नावे वाचवायची, कडेची माणसे टाकायची!

जाता जाता आणखी एक गोष्ट, चौकटीबाहेरची आहे पण मला राहवत नाही. फिल्म सेकंदाला चोवीस चित्रांची. आपला टीव्ही, युरोपसारखाच, पंचवीसचा. हे जमवायला सोपा मार्ग होता, फिल्म किंचित जोरात पळवायची. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटे लवकर संपे आणि त्यासोबत आवाजही चढे, पेटीवरच्या एका पट्टीहून थोडा कमी. रेडिओवर ऐकलेले गाणे टीव्हीवर निराळे, जरा घाईतले वाटे, ते आपल्या कानांचे भ्रम नव्हते.

आता सोळास नऊ. हे माप कोणत्याच सिनेमाचे नव्हते. जपानच्या एनएचकेने नव्या सुस्पष्ट टीव्हीसाठी आधी पाचास तीन सुचवले होते. १९८४ साली अमेरिकेतल्या चित्रपट व दूरचित्रवाणी अभियंत्यांच्या संघटनेच्या एका अभ्यासगटात कर्न्स पॉवर्स यांनी एक घरगुती वाटावा असा प्रयोग केला. चालू असलेल्या सगळ्या चौकटींचे, जुन्या चारास तीनपासून सिनेमास्कोपपर्यंतचे, सारख्याच क्षेत्रफळाचे आयत घेतले आणि मध्यबिंदू जुळवून एकावर एक ठेवले. सगळ्यांना बाहेरून वेढणारा आयत निघाला एकास एक पूर्णांक सत्त्याहत्तर शतांश, आणि सगळ्यांना सामाईक असा आतला आयतही त्याच प्रमाणाचा. सर्वांत अरुंद आणि सर्वांत रुंद चौकटीचे हे भौमितिक मध्य. पूर्णांकांत मांडले तर सोळास नऊ, म्हणजे चाराचा वर्ग आणि तिनाचा वर्ग. मी हे वर्तमानपत्राच्या कागदाचे आयत कापून स्वतः करून पाहिले. खरोखर जमते. भाऊबंदकीत पंचाने द्यावा तसा हा निवाडा आहे. प्रत्येकाला थोडे मिळाले आणि पूर्ण घर कोणाचेच राहिले नाही.

पॉवर्सच्या निवाड्याचा अर्थ मात्र कापा असा नव्हता. जुनी चौकट नव्या पडद्यात मधोमध पूर्ण उंचीने ठेवता येते. कडेला काळे पट्टे येतात, इतकेच. १९२० बाय १०८० ठिपक्यांच्या पडद्यावर अकादमी चौकट १४८० ठिपके रुंद बसते. दोन्ही बाजूंचे मिळून ४४० ठिपके काळे राहतात. एवढ्याशा काळोखाची बाजाराला भीती वाटते. त्यावर उपाय दोन. एक ताणण्याचा, म्हणजे प्रत्येक माणूस तिसऱ्या हिश्शाने जाड. उपाहारगृहांतल्या टीव्हीवर हे आपण पुष्कळ पाहिले. दुसरा कापण्याचा, म्हणजे चारास तीनमधला वरचा-खालचा मिळून पाव हिस्सा रद्द. ताणलेले निदान डोळ्याला खटकते. कापलेले कळत नाही, म्हणून मला दुसरा उपाय अधिक घातक वाटतो.

अमेरिकेत गंमत अशी झाली की १९८०-९०च्या पुष्कळ मालिका ३५ मिलिमीटर फिल्मवर चित्रित होत, पण त्यांचे संकलन आणि अंतिम प्रत व्हिडिओ फितीवर होई, टीव्हीच्याच मापाची. नवा टीव्ही आल्यावर फिती फिक्या पडल्या, पण निगेटिव्ह डब्यात शाबूत होती. ती पुन्हा स्कॅन करायची, जुन्या फितीबरहुकूम पुन्हा जुळवायची आणि सोळास नऊ मापात पुरी करायची, असे काम निघाले. फिल्मवर कडेला थोडे जास्तीचे चित्र असे, ते उघडले. उरलेली भर वरून-खालून कापून काढली. उघडलेल्या कडेला काही ठिकाणी मूळ नटाच्या जागी उभी केलेली बदली माणसे दिसू लागली! आणि कापलेल्या भागात काय गेले? ‘साइनफेल्ड’चा एक भाग रस्त्यातल्या खड्ड्यावर आहे. २०२१ साली तो नव्या मापात दाखवला गेला तेव्हा एका दृश्यात माणूस खाली बोट दाखवून खड्ड्याविषयी बोलतो आणि खड्डा चौकटीखाली गेलेला. ते वाचले तेव्हा मला आजीचा हात आठवला.

उलट उदाहरणही सांगायला हवे, नाहीतर मी नुसताच किरकिरा ठरेन. ‘द वायर’ ही मालिका मुद्दाम चारास तीनमध्ये केलेली. २०१४ साली एचबीओने ती रुंद करायचे ठरवले तेव्हा तिचे कर्ते डेव्हिड सायमन त्या कामात सहभागी झाले. काही प्रसंगांत रुंदीने भर पडली, काहींत हानी झाली, असे त्यांनी उघडपणे लिहिले. बदल झाला, पण ज्याचे चित्र होते त्याला विचारून झाला.

आणि आपला ‘शोले’. १५ ऑगस्ट १९७५ला ७० मिलिमीटरचा म्हणून गाजलेला हा सिनेमा चित्रित झाला साध्या ३५ मिलिमीटरवर, कारण ७० मिलिमीटरचा कॅमेरा परवडणारा नव्हता. नंतर तो लंडनला मोठ्या फिल्मवर उतरवला. चौकट जुनी जवळजवळ चारास तीनची, हवी होती एकास दोन पूर्णांक दोन दशांश. म्हणजे उंचीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग टाकायचा. आजीच्या चित्रफितीहून मोठी कात्री! तरी त्यात कोणाची रांगोळी गेली नाही. कारण छायालेखक द्वारका दिवेचा यांनी काचेवर आधीच ७० मिलिमीटरच्या खुणा आखून घेतल्या होत्या आणि त्या खुणांच्या आतच घोडे पळवले होते. कॅमेऱ्यात जास्तीचे आभाळ आणि जास्तीची माती येत होती, ती जाणारच आहे हे धरूनच. २०२५ साली या सिनेमाचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा ७० मिलिमीटरची एकही प्रत उरलेली नव्हती. ३५ मिलिमीटरच्या उपलब्ध फिल्मवरून काम झाले, आणि तरी चौकट एकास दोन पूर्णांक दोनच ठेवली. फिल्मवर आहे म्हणून सगळे उघडून दाखवले नाही. चौकट नुसती फिल्मवर नसते, ती काढणाऱ्याने आखलेल्या खुणांत असते, हे त्या मंडळींनी ओळखले. चारास तीन पवित्र आणि सोळास नऊ पाखंड, असा वाद मला घालायचा नाही. प्रश्न इतकाच की रेघ चित्र काढण्याआधी मारली की नंतर, आणि मारणाऱ्याने चित्र नीट पाहिले होते का.

आपल्या जुन्या मराठी सिनेमांच्या बाबतीत हे पाहणे बहुधा घडत नाही. प्रभातच्या एका संतपटाच्या दोन प्रती मी शेजारी शेजारी लावल्या. एक माझ्याकडची जुनी व्हीसीडी, दुसरी अलीकडे घरच्या टीव्हीवर दिसलेली, पडदा भरणारी. पोलादी पट्टी घेऊन काचेवर मोजले. नव्या प्रतीत चित्र स्वच्छ, ओरखडे कमी, आणि वीणेचे टोक व श्रोत्यांची पागोटी दोन्ही गेलेली. कीर्तनकार कोणासमोर गातो आहे तेच कळेना. कोणा चेहऱ्यावरचा ओरखडा पुसायला यंत्राने मेहनत घेतली आणि त्याच चित्राचा पाव हिस्सा कोणी एका कळीसरशी टाकला.

यावर कोणी म्हणेल, मूळ प्रत आहे ना, मग पुन्हा काढा. तिथेच पाय घसरतो. २००३च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठारात आग लागली, तिचा धूर पुणेकरांना आठवत असेल. जे जळले त्याच्या पुढच्या प्रतींवरच आता भागवायचे. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीची निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळली. पण ते जळके तुकडे कोणी फेकले नाहीत. वीस वर्षांनी बोलोन्यातल्या कारागिरांनी ते भिजवून, सरळ करून, ‘पथेर पांचाली’चा सुमारे चाळीस टक्के आणि ‘अपराजितो’चा साठ टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरूनच मिळवला, आणि २०१५ साली मूळच्याच चौकटीत दाखवला. दुर्गा आणि अपू काशफुलांतून धावतात तेव्हा वरचे आभाळ शाबूत आहे.

डबा जपणे हे म्हणून मला स्कॅनच्या बारकाव्यांहून मोठे वाटते. मी भावाला फोन केला. म्हटले, रिळे मला पाठव, पूर्ण चौकटीने, अगदी भोकांसकट स्कॅन करून घेतो. तो जरा थांबला. म्हणाला, “दादा, दिवाळीची साफसफाई चालली होती. आता डिजिटल झालंय म्हटल्यावर हिने डबा काढला. बघतो, असेल कुठे.” भंगारवाल्याकडे दोन खेपा झाल्या. एक रीळ मिळाले. ते मी मुंबईला एका ओळखीच्या तंत्रज्ञाकडून स्कॅन करून आणले. फिल्म कोडाक्रोम होती, रंग कालच्यासारखे. त्यात किल्ला आहे, मातीचा; शिवाजी महाराजांच्या चित्राशेजारी मी उभा आहे, हातात फुलबाजी; आणि चित्राच्या तळाशी, दुकानाच्या प्रतीत नव्हते ते, माझे अनवाणी पाय आणि त्यांच्याशी झोपलेले मांजर. या मांजराची मला काहीही आठवण नव्हती.

रांगोळीचे रीळ दुसरे होते. ते मिळाले नाही.

भाऊबीजेला आई आणि मावशी आमच्याकडे होत्या. मी दुकानाचीच प्रत लावली. आई म्हणाली, पाडव्याला आमची आई नेहमी ज्ञानकमळ काढायची, तेच असणार. मावशी म्हणाली, अजिबात नाही, मनगट बघ कसं फिरतंय, ठिपके जोडतेय ती. एकवीस ते अकरा. आईने चित्र मागे घ्यायला सांगितले. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ती खुर्चीतून उठून टीव्हीजवळ गेली आणि पडद्याच्या खालच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर बोटाने वळण काढून दाखवू लागली, हे बघ, हात असा वळला तर कमळच होतं. मावशीने चष्मा पुसला आणि म्हणाली, परत लाव.